चार्टवर शॉर्टकट चालत नाहीत? या चुका टाळा

ट्रेडिंगव्ह्यू या शेअरचे चार्ट दाखवणाऱ्या वेबसाइटवर कीबोर्डचा शॉर्टकट चालत नाही अशी तक्रार असते, तेव्हा शॉर्टकट बहुधा बरोबरच असतो. दाबलेली कळ चार्टपर्यंत पोचलेली नसते, एवढंच. ब्राउझरने, विंडोजने किंवा ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरने ती मधल्यामध्ये पळवलेली असते. म्हणून चाळीस शॉर्टकटांची यादी पाठ करण्याआधी आपली कळ जाते कुठे, हे बघून घ्या. इथली माहिती विंडोजच्या संगणकासाठी आहे. मॅकवर ऑल्टच्या जागी ऑप्शन आणि कंट्रोलच्या जागी कमांड समजा.

कीबोर्ड मराठीत राहिला

सोलापुरात ही चूक जरा जास्तच होते, कारण एकाच संगणकावर इंग्रजी, मराठी आणि घरातल्या कुणासाठी तरी तेलुगू किंवा कन्नड असे दोन-तीन कीबोर्ड बसवलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत काही लिहिलं, तिथून चार्टवर आलात आणि शेअरचं नाव टाइप करू लागलात, तर शोधाच्या चौकटीत देवनागरी अक्षरं उमटतात आणि खाली काहीच सापडत नाही. स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती बघा आणि विंडोज+स्पेस दाबून इंग्रजीवर या.

खरी गोम पुढे आहे. विंडोजमध्ये डावीकडचे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. चार्टचे निम्मे शॉर्टकट ऑल्टचे आणि काही शिफ्टचे, त्यामुळे घाईत दोन्ही बोटं एकदम पडतात आणि भाषा कधी बदलली ते कळतही नाही. ही सोय बंदच करून टाका: सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे चेंज की सीक्वेन्समध्ये नॉट असाइन्ड निवडा. भाषा बदलायला विंडोज+स्पेस आहेच.

अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जच्या त्याच पानावर प्रत्येक अ‍ॅपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. मग व्हॉट्सअ‍ॅप मराठीत राहील आणि चार्ट इंग्रजीत. मात्र व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि चार्ट एकाच ब्राउझरच्या एकाच खिडकीतले दोन टॅब असतील, तर याचा उपयोग नाही. चार्टची खिडकी वेगळी काढा.

चार्टवर क्लिक न करताच कळ दाबणं

चार्टच्या रिकाम्या जागेवर एकदा क्लिक केलं की पुढच्या कळा चार्टकडे जातात. त्याआधी तुम्ही वॉचलिस्टमध्ये (नजर ठेवायच्या शेअरच्या यादीत), एखाद्या सेटिंगच्या चौकटीत किंवा ॲड्रेस बारमध्ये क्लिक केलेलं असेल, तर कळा तिकडेच जाणार. क्रोममध्ये ऑल्ट+एफ दाबल्यावर फिबोनाची रिट्रेसमेंट या रेघा काढायच्या साधनाऐवजी ब्राउझरचा मेनू उघडला, की समजा चार्टवर क्लिक करायचं राहिलं. कंट्रोल+एस दाबल्यावर लेआउट (रेघा आणि सेटिंगसकट चार्टची मांडणी) सेव्ह होण्याऐवजी वेबपेज सेव्ह करण्याची चौकट आली, तरी कारण तेच. एस्केप दाबा, चार्टवर क्लिक करा, पुन्हा कळ दाबा.

ऑल्टच्या जागी कंट्रोल पडणं ही याच चुकीची महागडी बहीण. ऑल्ट+डब्ल्यू म्हणजे शेअर वॉचलिस्टमध्ये टाका. कंट्रोल+डब्ल्यू म्हणजे टॅब बंद! ऑल्ट+टी ट्रेंडलाइन (भावाचा कल दाखवणारी रेघ) देतो, कंट्रोल+टी नवा टॅब. ऑल्ट+आर चार्ट मूळ स्थितीत आणतो, कंट्रोल+आर पान पुन्हा लोड करतो. टॅब बंद झालाच तर कंट्रोल+शिफ्ट+टी दाबून तो परत आणता येतो, पण लेआउटचं ऑटोसेव्ह बंद असेल तर नुकत्या ओढलेल्या रेघा गेल्या. लेआउटच्या नावाशेजारच्या मेनूत ऑटोसेव्ह आजच चालू करून ठेवा. उन्हाळ्यात वीज जाते तेव्हाही ते कामाला येतं.

ऑल्ट+आर दाबल्यावर चार्ट हलतच नाही आणि भलतीच काहीतरी खिडकी किंवा आकड्यांची पट्टी दिसते? मग ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर बघा. एनव्हिडिया आणि एएमडी या दोघांच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच जोडी वापरात असते. त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बदला किंवा काढून टाका.

रेघा भलत्याच जागी पडतात

इथे एक फरक फार थोड्यांना माहीत असतो. ऑल्ट+टी किंवा ऑल्ट+एफ दाबल्यावर नुसतं साधन हातात येतं. रेघ पडायला दोन क्लिक लागतात. ऑल्ट+एच, म्हणजे आडवी रेघ, तशी नाही. कळ दाबली त्या क्षणी माउसचा बाण ज्या भावावर असेल तिथेच ती पडते. ऑल्ट+व्ही म्हणजे उभी रेघ, ऑल्ट+जे म्हणजे उजवीकडे जाणारी आडवी रेघ आणि ऑल्ट+सी म्हणजे आडवी-उभी फुली, यांचंही तसंच. लोक आधी कळ दाबतात, मग जागा शोधतात. रेघ दिसली नाही की पुन्हा दाबतात. आठवड्याभराने चार्टवर एकावर एक पडलेल्या डझनभर रेघा सापडतात. आधी बाण बरोबर भावावर न्या, मगच कळ दाबा. जुना पसारा आवरायचा असेल तर उजव्या पट्टीतली ऑब्जेक्ट ट्री उघडा: कोणत्या रेघा आहेत त्याची यादी तिथे मिळते आणि नको ती निवडून डिलीट करता येते. केराच्या डब्याच्या चिन्हावरून सगळं एकदम पुसू नका. चुकून पुसलंच तर लगेच कंट्रोल+झेड.

रेघ कॅंडलच्या (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या उभ्या कांडीच्या) नेमक्या उच्चांकाला किंवा नीचांकाला चिकटायला हवी असेल तर मॅग्नेट ही सोय वापरतात. तो कायम चालू ठेवला की जिथे चिकटायला नको तिथेही रेघ ओढली जाते. त्यापेक्षा मॅग्नेट बंद ठेवा आणि रेघ ओढताना हवं तेव्हा कंट्रोल दाबून धरा. तेवढ्यापुरता तो चालू होतो. शिफ्ट दाबून धरलं तर रेघ ४५ अंशांच्या पटीत सरळ राहते. आहे ती रेघ कंट्रोल धरून ओढली तर तिची नक्कल तयार होते, समांतर चॅनेल काढायला हे फार सोयीचं. आणि रिकाम्या जागी शिफ्ट धरून क्लिक केलं की मोजपट्टी: किती रुपये, किती टक्के, किती कॅंडल, सगळं एका चौकटीत.

रेघा एकदम गायब झाल्या तर पुन्हा काढायला बसू नका. कंट्रोल+ऑल्ट+एच चुकून दाबलं गेलं असेल. तीच जोडी परत दाबा. काही रेघा पाच मिनिटांच्या कॅंडलच्या चार्टवर दिसतात आणि डेलीवर, म्हणजे दिवसाला एक कॅंडल असलेल्या चार्टवर, दिसत नाहीत, तर त्या रेघेच्या सेटिंगमधला व्हिजिबिलिटीचा भाग तपासा. हा भाग मुद्दाम वापरण्यासारखा आहे: इंट्राडेच्या (एकाच दिवसातल्या सौद्यांच्या) रेघा फक्त मिनिटांच्या चार्टवर ठेवल्या की डेली स्वच्छ राहतो.

चार्ट बिघडलेला नसतो, मोड बदललेला असतो

सगळ्यात धोकादायक ऑल्ट+आय. यामुळे चार्ट उलटा होतो: भाव वाढला की कॅंडल खाली जाते. घाईत हे लक्षात येत नाही, पडता दिसणारा शेअर चढत असतो. उजवीकडच्या भावपट्टीवर आकडे खाली जाताना वाढत असतील तर चार्ट उलटलेला आहे. ऑल्ट+आय पुन्हा दाबा.

ऑल्ट+एल लॉग स्केल (सारख्या टक्क्यांच्या बदलाला सारखी उंची), ऑल्ट+पी टक्केवारी स्केल. लॉगवर गेलं की जुनी ट्रेंडलाइन भलत्याच ठिकाणी तुटलेली दिसते. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. दोन टोकांमधली रेघ दोन्ही स्केलवर सरळच काढली जाते, पण मधले भाव वेगवेगळ्या उंचीवर जातात. पाच-दहा वर्षांच्या चार्टवर लॉग, इंट्राडेवर साधं स्केल, असं ठरवून टाका आणि रेघ ज्या स्केलवर काढली त्याच स्केलवर तपासा.

भावपट्टी माउसने ओढली की ऑटो स्केल बंद पडतं. मग भाव पुढे सरकतो आणि कॅंडल चौकटीबाहेर जातात. पट्टीवर डबल क्लिक केलं की ऑटो परत येतं. कॅंडल मुंगीएवढ्या दिसण्याचं दुसरंही कारण असतं: दूरवरची मूव्हिंग ॲव्हरेज (सरासरी भावाची रेघ) चौकटीत बसवायला चार्ट दाबला जातो. पट्टीवर राइट क्लिक करून स्केल प्राइस चार्ट ओन्ली निवडा.

कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं की बाण जिथे आहे तिथून झूम होतं. नुसत्या चाकाने उजवी कड जागेवर राहते. बाण चार्टबाहेर असताना कंट्रोल धरून चाक फिरवलं तर अख्खं वेबपेज लहानमोठं होतं. कंट्रोल+शून्य दाबा, पूर्ववत.

बाजार चालू आहे आणि कॅंडल हलत नाही? बार रीप्ले (जुना चार्ट कॅंडलमागून कॅंडल चालवून सराव करण्याची सोय) बंद केला का ते आधी बघा. सराव करून तसंच उठलेल्यांची ही नेहमीची गडबड. रीप्लेत शिफ्ट+उजवा बाण एक कॅंडल पुढे नेतो, शिफ्ट+खालचा बाण चालू-बंद करतो. दुसरं कारण क्रोमचा मेमरी सेव्हर, तो बराच वेळ न उघडलेला टॅब झोपवतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली नेहमी जागे ठेवायच्या साइट्सची यादी असते, तिच्यात ट्रेडिंगव्ह्यू घाला.

वेळच चुकीची दिसत असेल तर चार्टच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातला टाइमझोन कोलकाता करा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला असेल तर सव्वानऊची कॅंडल ३:४५ ला दिसते.

कालावधी आणि चिन्ह टाइप करताना

चार्टवर थेट १५ टाइप करून एंटर दाबलं की १५ मिनिटांचा चार्ट. पण डेलीसाठी नुसतं डी दाबलं तर चिन्हशोध (चिन्ह म्हणजे शेअरचं बाजारातलं छोटं नाव) उघडतो, कारण अक्षराने सुरुवात झाली की सॉफ्टवेअर त्याला शेअरचं नाव समजतं. आधी १, मग डी. किंवा आधी स्वल्पविराम, मग डी. एम म्हणजे महिना, मिनिट नव्हे. मिनिटांसाठी आकडाच पुरे. उजवीकडच्या आकड्यांच्या कळा चालत नसतील तर नम लॉक बघा.

६० मिनिटांवर दिवसाची शेवटची कॅंडल आखूड का, हा प्रश्न हमखास येतो. एनएसईचं सत्र सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. त्यात सहा पूर्ण तास बसतात आणि उरलेल्या १५ मिनिटांची सातवी कॅंडल होते. तिची आधीच्या सहांशी, विशेषतः व्हॉल्यूमची, तुलना करू नका. समान तुकडे हवे असतील तर ७५ टाइप करा, दिवसाच्या नेमक्या पाच कॅंडल; १२५ केलं तर तीन. मोफत खात्यावर असे सानुकूल कालावधी मिळत नाहीत. योजनांची जाहिरात उघडली तर कीबोर्डला दोष देऊ नका.

चिन्ह शोधताना न बघता एंटर दाबू नका. आपल्या सोलापूरची बालाजी अमाईन्स बघायची म्हणून बी, ए, एल टाइप केलं, तर बालकृष्ण इंडस्ट्रीज आणि बलरामपूर चिनीही त्याच अक्षरांनी येतात. शिवाय एनएसई आणि बीएसई अशा वेगळ्या ओळी. एंटर यादीतली पहिलीच ओळ उचलतो. एक्सचेंजचं नाव वाचा. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारख्या लहान शेअरच्या एका मिनिटाच्या चार्टवर मध्ये कॅंडल गाळलेल्या दिसल्या, तर इंटरनेट तपासत बसू नका: ज्या मिनिटात सौदाच झाला नाही त्याची कॅंडल काढली जात नाही.

हायकिन आशी हा सरासरी भावांच्या कॅंडलचा प्रकार चालू असेल तर तिचा बंद भाव हा त्या कॅंडलच्या चार भावांची सरासरी असतो, खरा सौदा त्या भावाला झालेला नसतो. स्टॉपलॉसचा (तोटा थांबवायच्या भावाचा) आकडा साध्या कॅंडलवरूनच घ्या.

अलर्ट, स्क्रीनशॉट आणि ऑर्डरच्या कळा

ऑल्ट+ए अलर्टची चौकट उघडतो. अलर्ट सर्व्हरवर चालतो, त्यामुळे संगणक बंद असला तरी तो वाजतो. पण तो लावला त्या क्षणीच्या सेटिंगवर गोठलेला असतो. नंतर चार्टवर मूव्हिंग ॲव्हरेज २० ची ५० केली तरी अलर्ट २० वरच राहतो. जुना काढून नवा लावा. इंडिकेटरचा अलर्ट असेल तर वन्स पर बार क्लोज निवडा, नाहीतर कॅंडल पूर्ण होण्याआधी वाजून नंतर अट मोडलेलीही असू शकते. मुदतीची तारीखही वाचा.

ऑल्ट+एस चार्टचं चित्र ट्रेडिंगव्ह्यूच्या सर्व्हरवर चढवून लिंक देतो, आणि ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला चित्र दिसतं. ग्रुपवर टाकायचं असेल तर कंट्रोल+ऑल्ट+एसने चित्र आपल्या संगणकावर उतरवून घ्या, आणि चार्टवर स्वतःची पोझिशन (चालू सौदा) दिसत नाही ना ते पाहून मगच पाठवा.

ब्रोकरच्या टर्मिनलवर मात्र हात आवरा. झेरोधा या ब्रोकरच्या काइट या टर्मिनलवर वॉचलिस्टमधल्या शेअरवर बाण असताना बी दाबलं की खरेदीची आणि एस दाबलं की विक्रीची चौकट उघडते. सी चार्ट, डी मार्केट डेप्थ (खरेदी-विक्रीच्या बोलींची यादी). म्हणजे चिन्ह शोधायला म्हणून बाण भलतीकडे ठेवून टाइप केलं, तर पहिल्याच अक्षराला ऑर्डरची चौकट समोर येऊ शकते. अशा वेळी एंटर नव्हे, एस्केप. ब्रोकरच्या पानात बसवलेल्या ट्रेडिंगव्ह्यू चार्टवर वरचे सगळे शॉर्टकट असतीलच असंही नाही, आणि तिथल्या रेघा ट्रेडिंगव्ह्यूच्या खात्यात येत नाहीत. विश्लेषण एका ठिकाणी ठेवा, ऑर्डर दुसऱ्या ठिकाणी.