गॅसच्या वीजकेंद्राला कार्बन पकडण्याची जोड देण्याआधी

सुरुवात चिमणीपासून करा. कंपन्यांची कोटेशनं मागवण्याआधी धुराचा नमुना स्वतः घ्या, एकदा पूर्ण लोडवर आणि एकदा निम्म्या लोडवर. कोळशाच्या केंद्राचे आकडे इथे लावू नका. तिथल्या धुरात कार्बन डायऑक्साइड 12 ते 15 टक्के, गॅस टर्बाइनच्या धुरात जेमतेम 4. म्हणजे तेवढाच कार्बन पकडायला तिप्पट धूर टॉवरमधून न्यायचा; याच टॉवरमध्ये द्रावण धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. चिमणीशेजारी त्या टॉवरला जागा आहे का, ते टेप लावून बघा. नकाशावर विसंबू नका. या धुरात गंधक जवळजवळ नसतंच, ही एक सुटका. पण ऑक्सिजन 12 टक्क्यांच्या घरात असतो आणि तो कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या अमाइन या रसायनाचं द्रावण नासवतो. फिकट द्रावण काळपट तपकिरी व्हायला लागलं की समजा, बिल वाढतंय. नासलेला गाळ कुठे जाणार, हेही आधीच ठरवा. बाकी हे जमतं यात शंका नको: अमेरिकेत बेलिंगहॅमला 1991 ते 2005 गॅस टर्बाइनच्या धुरातून रोज 300 टनांवर कार्बन डायऑक्साइड पकडला जात होता, तोही खाद्यपेयांत वापरण्याइतका शुद्ध.

खरी डोकेदुखी वाफेची. द्रावण पुन्हा वापरायचं तर ते वाफेने तापवून शोषलेला वायू बाहेर काढावा लागतो; नेहमीच्या अमाइनमधून एक टन कार्बन डायऑक्साइड सोडवायला साधारण साडेतीन गिगाज्यूल उष्णता लागते. ती वाफ मध्यम आणि कमी दाबाच्या वाफेच्या टर्बाइनांना जोडणाऱ्या पाइपातून काढायची, म्हणजे वीज घटणारच. कार्यक्षमता सात-आठ टक्के अंकांनी उतरेल असं धरा. केंद्र अजून कागदावर असेल तर त्या पाइपाला आत्ताच टी (फाटा काढणारा तिहेरी जोड) जोडून त्यावर ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) मारून ठेवा. पुढे कापाकापी म्हणजे लांबलचक शटडाउन. उरलेल्या वाफेवर कमी दाबाचं टर्बाइन चालेल ना, हे टर्बाइनवाल्याकडून लेखी घ्या. धूर ढकलणारा ब्लोअर आणि त्याची वाट वळवणारा डॅम्परही (झडप) तपासा: टॉवर बंद पडला तर धूर विनाअडथळा चिमणीत गेला पाहिजे.

वर्षाला केंद्र किती तास चालतं? आपलं उरणचं 672 मेगावॉटचं केंद्र गॅसच्या तुटवड्यामुळे क्षमतेपेक्षा कमी चालतं. अशा ठिकाणी एवढी यंत्रणा बांधून ती रिकामी बसेल.

पकडलेल्या वायूच्या साठवणीचा आणि पैशांचा करार मात्र बांधकामाला हात घालण्याआधी. स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा प्रकल्प 2015 मध्ये सरकारने एक अब्ज पौंडांचा निधी मागे घेतल्यावर बसला. इंग्लंडच्या टीसाइडमधल्या 742 मेगावॉटच्या केंद्राचं काम 2024 च्या डिसेंबरात पैसे उभे राहिल्यावर पुढे सरकलं; तिथला वायू उत्तर समुद्राच्या तळाखाली जाणार आहे. आणि हो, पाइपात सोडण्याआधी वायू कोरडा करायचा. ओल राहिली की आम्ल तयार होतं आणि पोलादी पाइप आतून खातं.