वर्ल्ड हिस्टरीच्या पेपरनंतर उत्तरं ताडून पाहताना या चुका टाळा

मे महिना आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एपीचं (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट), म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचं, वारं शिरतं. त्यातला 'एपी वर्ल्ड हिस्टरी : मॉडर्न' हा पेपर बरीच मुलं दहावीत देतात आणि पुष्कळांची ती पहिलीच एपी परीक्षा असते. सव्वातीन तास लिहून मूल बाहेर येतं आणि शाळेच्या दारातच सुरू होतं. "कागदपत्रांच्या निबंधात काय लिहिलंस? बदल झाला की नाही?" "मी लिहिलं, खूप झाला." "अरे, मी तर फारसा झाला नाही असं लिहिलं!" दोघांचेही चेहरे उतरतात. घरी पोचल्यावर आईबाबांचा प्रश्न तयार असतो, "किती बरोबर आले?"

आपण बोर्डाच्या परीक्षा देऊन मोठे झालो. पेपर सुटला की प्रश्नपत्रिकेवर खुणा करून गुण मोजायचे, ही आपली सवय. या पेपराला ती लागू पडत नाही. इथे ५५ बहुपर्यायी प्रश्नांना ४० टक्के वजन आहे. उरलेले ६० टक्के लेखनाला आहेत: तीन छोट्या उत्तरांना २०, कागदपत्रांवर आधारित निबंधाला म्हणजे डीबीक्यूला २५ आणि लांब निबंधाला, एलईक्यूला, १५. या ६० टक्क्यांत 'एकच बरोबर उत्तर' नसतं. मैत्रिणीच्या उत्तराशी जुळलं नाही म्हणून रडत बसलेली हुशार मुलं पाहिली की वाईट वाटतं, कारण ते रडणं बहुतेक वेळा विनाकारण असतं.

सगळ्यात आधी : उत्तरं पोचली का?

२०२५पासून हा पेपर संगणकावर, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये होतो. शेवटी उत्तरं जमा झाल्याचा संदेश पडद्यावर दिसला पाहिजे. इंटरनेट मध्येच गेलं असेल आणि उत्तरं अडकली असतील, तर तोच लॅपटॉप पुन्हा जोडून ॲप उघडायचं आणि लगेच शाळेच्या एपी समन्वयकांना सांगायचं. गप्पा नंतर. लॅपटॉप शाळेचा असेल, तर तो परत करण्याआधी हे बघून घ्या.

बहुपर्यायी प्रश्न बोलून दाखवणं

ही चूक सर्वात महागात पडू शकते. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा नियम स्पष्ट आहे: बहुपर्यायी प्रश्नांची चर्चा कधीच, कोणाशीच करायची नाही, अगदी आपल्या शिक्षकांशीही नाही. लेखी प्रश्नांवर बोलता येतं, पण ते बोर्डाने स्वतः आपल्या संकेतस्थळावर जाहीर केल्यानंतरच. नियम मोडला तर गुण रद्द होऊ शकतात.

मुलांना हा नियम जाचक वाटतो. पण घड्याळ बघा. न्यू जर्सीत सकाळचा पेपर सुटतो, तेव्हा कॅलिफोर्नियात तो नुकता सुरू झालेला असतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मुलाने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या चुलतभावाला काळजीपोटी "मंगोलांचं नीट वाच" एवढंच कळवलं, तरी ते पेपर फोडणंच आहे. आजारपणामुळे किंवा दोन पेपर एकाच वेळी आल्यामुळे काही मुलं ही परीक्षा नंतरच्या तारखेला देतात, तेही लक्षात असू द्या. पालकांचे व्हॉट्सॲप गट इथे फार निष्काळजी असतात. मुलाने घरी सांगितलेला प्रश्न आई कौतुकाने गटावर टाकते आणि अडचणीत येतं ते मूल. पेपरच्या दिवशी "कसा गेला?" एवढंच विचारा, पेपरात काय आलं होतं ते विचारू नका.

वेगळ्या प्रश्नांची तुलना

"रेल्वेबद्दल काय लिहिलंस?" असं कोणी विचारलं आणि आपल्या पेपरात रेल्वेचा प्रश्नच नव्हता, तर पोटात गोळा येतो. आपलं एक पान राहून तर नाही गेलं? बहुधा तसं काही नसतं. एकाच सकाळी वेगवेगळ्या मुलांना वेगवेगळे प्रश्नसंच येऊ शकतात. शिवाय पेपरातच निवड आहे. छोट्या उत्तरांत पहिले दोन प्रश्न सगळ्यांना सक्तीचे, तिसरा मात्र दोनांतून एक: १२०० ते १७५० किंवा १७५० ते २००१. एलईक्यूत तर तिनांतून एकच निबंध लिहायचा असतो. म्हणजे शेजारी बसलेल्या मुलाने अब्बासी खिलाफतीवर लिहिलं आणि तुमच्या मुलीने वसाहतींच्या स्वातंत्र्यावर, तर ताडून पाहण्यासारखं काही उरतच नाही.

निष्कर्ष जुळवत बसणं

इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. उदाहरणासाठी जाहीर झालेला जुना प्रश्नच घेऊ. २०१९च्या डीबीक्यूत विचारलं होतं की सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी हिंदी महासागरातला सागरी व्यापार कितपत बदलला. चौल-वसईच्या नि गोव्याच्या माणसांना हा विषय घरचाच.

समजा एका मुलीने लिहिलं: गोवा (१५१०), मलाक्का (१५११) आणि होर्मुझ (१५१५) ही नाकी ताब्यात घेऊन पोर्तुगिजांनी तोफांच्या जोरावर व्यापारी जहाजांना 'कार्ताझ' हे परवाने घ्यायला लावले, जो समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नव्हता, तिथे वाटेचे पैसे द्यावे लागू लागले, म्हणून बदल मोठा होता. दुसऱ्याने लिहिलं: परवाने आले खरे, पण मोसमी वाऱ्यांवर चालणारे मार्ग, गुजराती व्यापाऱ्यांची जाळी आणि बाजारातला माल बहुतांशी जुनाच राहिला; तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेलं एडन बंदर त्यांना घेता आलं नाही आणि शतकाच्या मध्याला सुमात्रातल्या आचेहून तांबड्या समुद्राकडे मिरी पुन्हा जाऊ लागली, म्हणून बदल वरवरचा होता.

दोघांपैकी बरोबर कोण? दोघंही. प्रश्नात 'कितपत' विचारलं आहे, आणि तपासणारा वाचतो ते बाजू घेतली का, ती कशाच्या आधारावर घेतली आणि आधार पेलला का. 'पोर्तुगिजांमुळे व्यापारात बरेच बदल झाले आणि काही गोष्टी तशाच राहिल्या' हे वाक्य मात्र दोघांशीही जुळतं आणि त्याला थीसिसचा, म्हणजे निबंधाच्या मुख्य दाव्याचा, गुण मिळत नाही. काय बदललं, कशामुळे, काय राहिलं, यातलं काहीच त्यात नाही. म्हणजे मित्राशी शंभर टक्के जुळलेलं उत्तरही पडू शकतं.

म्हणून प्रश्न जाहीर झाल्यावर बोलायचंच असेल, तर डीबीक्यूचे सात गुण एकेक करून बघा. थीसिसला एक. संदर्भाला एक: इथे 'वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला आला' एवढं एक वाक्य टाकून भागत नाही, पोर्तुगीज येण्याआधी हा व्यापार कसा चालत होता याची दोनचार वाक्यांची बैठक लागते. कागदांच्या वापराला दोन: प्रश्नासोबत दिलेल्या सात कागदांपैकी तिनांचा मजकूर सांगितला तर एक, चारांचा वापर आपल्या मुद्द्यासाठी केला तर दोन. कागदांबाहेरच्या पुराव्याला एक. दोन कागदांबाबत ते कोणी, कोणासाठी, कशासाठी लिहिलं याचा मुद्द्याशी संबंध दाखवला तर एक. आणि विषयाची गुंतागुंत उलगडून दाखवणाऱ्या मांडणीला शेवटचा एक.

बाहेरच्या पुराव्यात मराठी मुलांची एक ठरलेली फसगत होते. पोर्तुगीज म्हटलं की त्यांना वसईचा किल्ला आणि चिमाजी अप्पा आठवतात. अभिमान योग्य, पण वसई मराठ्यांनी घेतली ती १७३९ला. सोळाव्या शतकाबद्दलच्या मुद्द्याला तो पुरावा चालत नाही. शिवाजी महाराजांचं आरमारही सतराव्या शतकातलं. त्याऐवजी १५०८ची चौलची लढाई किंवा १५३४ला गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांना दिलेली वसई चालली असती, अर्थात सात कागदांत ती आधीच आलेली नसेल तरच. पण १७३९ लिहिलं म्हणून निबंध वाया गेला, असंही नाही. ते एक वाक्य मोजलं जाणार नाही, बाकीचे गुण आपापल्या जागी राहतात. आणि पुढच्या काळाशी असलेलं नातं नीट उलगडून दाखवलं असेल, तर गुंतागुंतीच्या गुणाला त्याची मदतही होऊ शकते.

कागद कोणी लिहिला याच्या गुणाबद्दलही मुलं उगाच घाबरतात. "मी लेखकाचं नाव आणि हुद्दा लिहिला, मग मिळाला ना गुण?" फक्त हुद्दा लिहून मिळत नाही. समजा एखाद्या अधिकाऱ्याने राजाला पत्र लिहिलं आहे. त्याला जादा जहाजं हवी होती, म्हणून तो शत्रूची ताकद फुगवून सांगत असेल, आणि म्हणून या पत्रातून पोर्तुगिजांचा ताबा किती कच्चा होता हे दिसतं: इथपर्यंत पोचलं की गुण.

एका सनावरून रात्र घालवणं

गोवा १५१० ऐवजी १५१२ला घेतलं असं लिहिलं गेलं, आणि मूल जेवत नाही. हा निबंध ठरलेल्या वेळेत लिहिलेला पहिला खर्डा मानला जातो. किरकोळ चूक झाली आणि मुद्दा खरा राहिला, तर गुण कापत नाहीत. इथे चुकीला उणे गुण नाहीत, जे नीट आलं त्याला गुण आहेत. बहुपर्यायी प्रश्नांतही पाव गुण कापण्याची जुनी पद्धत २०११पासून बंद आहे, त्यामुळे अंदाजाने ठोकलेल्या उत्तराचं काही नुकसान नाही.

छोट्या उत्तरांतही तसंच. अ, ब, क अशा प्रत्येक भागाला एक गुण. एक उदाहरण मागितलं असताना मैत्रिणीने तीन लिहिली, म्हणून तिला तीन गुण मिळत नाहीत.

कुठला प्रश्न किती जड, हे न पाहणं

मुलं सर्वात जास्त डोकं फोडतात ते बहुपर्यायी प्रश्नांवर, कारण तिथे बरोबर-चूक कळतं. थोडा हिशेब करू. ५५ प्रश्नांना ४० टक्के, म्हणजे एक प्रश्न साधारण ०.७ टक्का. छोट्या उत्तरांचे नऊ गुण मिळून २० टक्के, म्हणजे एक गुण २.२. एलईक्यूचे सहा गुण मिळून १५, म्हणजे एक गुण २.५. डीबीक्यूचा एक गुण जवळपास ३.६ टक्के. याचा अर्थ, डीबीक्यूत लिहिलेला एक नीट बाहेरचा पुरावा जवळजवळ पाच बहुपर्यायी प्रश्नांइतका जड आहे. दोन प्रश्न चुकल्याची खात्री पटली म्हणून मूल खचलं असेल, तर हे आकडे त्याच्यासमोर मांडा.

दादा-ताईच्या काळची मोजपट्टी लावणं

चार वर्षांपूर्वी पेपर दिलेली ताई सांगते, "सहा कागद वापरायला हवेत आणि तिनांबद्दल लेखकाचा हेतू लिहायला हवा." तिच्या वेळी ते खरं होतं. २०२३-२४पासून ही अट चार आणि दोनवर आली. गुंतागुंतीचा गुण मिळवायलाही आता जास्त मार्ग आहेत, सातही कागद परिणामकारक वापरले तरी तो मिळू शकतो. अभ्यासक्रमच २०१९-२०मध्ये बदलला आणि तो आता सुमारे १२०० सालापासून सुरू होतो, त्यामुळे त्याहून जुने नमुना पेपर पाहून "रोमचं काहीच कसं आलं नाही?" असं विचारण्यात अर्थ नाही. ऑनलाइन 'स्कोअर कॅल्क्युलेटर'ही जुन्या अंदाजांवर चालतात. किती टक्क्यांना पाच मिळणार, हे पेपरच्या संध्याकाळी कोणी सांगू शकत नाही. लेखी उत्तरं जूनमध्ये हजारो शिक्षक आणि प्राध्यापक तपासतात आणि १ ते ५मधला निकाल जुलैत लागतो.

दुसऱ्या दिवशी पेपर असताना चर्चा

एपीचे दोन आठवडे सलग असतात. आज हिस्टरी, उद्या दुसरंच काही. अशा वेळी मुलाला गाडीत बसवलं की आधी खायला द्या आणि फोन घरी पोचेपर्यंत बाजूला ठेवायला सांगा. मित्र विचारत राहिले तर सांगायला एक वाक्य त्याच्याजवळ असू द्या: "प्रश्न वेबसाइटवर आले की बोलू." ते नियमाला धरून आहे, त्यामुळे कोणाला वाईटही वाटत नाही.

घाबरून गुण रद्द करणं

गप्पांमधून निघालेला हा सर्वात वाईट निर्णय. कॉलेज बोर्डाकडे अर्ज करून गुण रद्द करता येतात, आणि एकदा रद्द केले की ते कायमचे जातात, नंतर बघायलाही मिळत नाहीत. पेपरनंतरच्या आठवड्यात, तीन मित्रांच्या बोलण्यावरून, असा अर्ज करू नका. बहुतेक कॉलेजांच्या प्रवेश अर्जात एपीचे गुण विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे असतात, त्यामुळे जुलैत दोन किंवा तीन आले तरी ते लिहायचे की नाही हे तेव्हा, आकडा समोर असताना ठरवता येतं. ज्या कॉलेजांत अर्ज करायचा आहे त्यांच्या पानावर त्यांचा नियम आधी वाचून घ्या. काहींना सगळे गुण हवे असतात, काही तीनलाही श्रेयांक देतात, काही फक्त पाचलाच.