घरी सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारं) मिलिंग यंत्र बनवताना काय आधी ठरवायचं

कंट्रोलर बोर्ड, म्हणजे मोटरना हुकूम देणारं सर्किट, सर्वांत शेवटी घ्या. तो स्क्रू, मोटर आणि हव्या असलेल्या वेगावर ठरतो. बोर्ड आधी घेतला की बाकीचं यंत्र त्याच्या मर्यादेत बसवत राहावं लागतं.

लाकूड आणि प्लास्टिकच कापायचं असेल, तर टी८ लीडस्क्रू (टेबल सरकवणारा आट्यांचा दांडा) आणि बॅकलॅश (दिशा बदलताना पडणारी ढिलाई) कमी करणारा स्प्रिंगचा नट चालतो. ॲल्युमिनियमसाठी १६ मिमी व्यासाचा, ५ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा) एसएफयू १६०५ बॉलस्क्रू (नटात छर्रे असलेला स्क्रू) आणि चौकोनी रेल घ्या. बॉलस्क्रूच्या एका टोकाला बीके १२ बेअरिंग ब्लॉक हवाच. तिथे साधं बेअरिंग बसवलं, तर सगळा स्क्रूच पुढे-मागे सरकतो आणि दोष नटाला दिला जातो. तपासायचं असेल तर टेबलाला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मीटर) लावा, एका बाजूने येऊन शून्य करा, तसेच १ मिमी पुढे जा आणि १ मिमी मागे या. काटा शून्यावर येईपर्यंत जेवढा कमी पडला, तेवढा बॅकलॅश.

आता हिशेब. मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते. ड्रायव्हरवर (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटवर) ८ मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे ८ भाग, ठेवले तर एका फेऱ्याला १६०० पल्स, म्हणजे ५ मिमी लीडला दर मिमी ३२० पल्स. ३००० मिमी प्रति मिनिट वेगासाठी सेकंदाला १६ हजार पल्स लागतात. अर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डावरचं जीआरबीएल (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) ३० हजारांपर्यंत पल्स नीट देतं, तेव्हा इथे ते पुरतं. मायक्रोस्टेप १६ केले की हाच आकडा ३२ हजार होतो. मग पल्सची लय बिघडते, मोटर गुणगुणून जागीच थांबते आणि पुढचं सगळं काम सरकलेलं निघतं. मायक्रोस्टेप वाढवून अचूकता वाढत नाही, चाल फक्त मऊ होते. ८ पुरे.

याहून जास्त वेग किंवा चौथा अक्ष हवा असेल, तर टीन्सी ४.१ या वेगवान बोर्डावर जीआरबीएल-हॅल ही जीआरबीएलची पुढची आवृत्ती वापरा. बॅकलॅश सॉफ्टवेअरमधून भरून काढायचा असेल, तर संगणकावर चालणारं लिनक्ससीएनसी. साध्या जीआरबीएलमध्ये ती सोय नाही.

नेमा २३ मोटर घेताना टॉर्कइतकंच इंडक्टन्स (मोटरच्या वेटोळ्यांचा करंट बदलायला होणारा विरोध) बघा. ३ मिलिहेन्रीच्या आसपासची निवडा. इंडक्टन्स जास्त असलेली मोटर हळू फिरताना जोरदार वाटते, पण वेग वाढला की दम सोडते. डीएम ५४२ ड्रायव्हरची मर्यादा ५० व्होल्ट आहे, आणि मोटर ब्रेक घेताना व्होल्टेज उलटं चढतं, म्हणून ३६ व्होल्टचा सप्लाय बरा. सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर जळतो.

सर्वांत जास्त डोकेदुखी स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटरच्या) व्हीएफडीची, म्हणजे तिचा वेग बदलणाऱ्या उपकरणाची. स्पिंडल सुरू होताच लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणारा) न दाबताच अलार्म येत असेल, तर स्विच नव्हे, विद्युत गोंगाट कारण आहे. स्पिंडलला शील्ड असलेली केबल वापरा, शील्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थ करा, स्विचच्या वायर तिच्यापासून लांब न्या. स्विच नॉर्मली क्लोज्ड (न दाबता वीज वाहू देणारा) जोडा, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबेल; त्यासाठी जीआरबीएलमध्ये $५=१ ही सेटिंग करावी लागते. आणीबाणीचं बटण मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नका. त्याने मोटर आणि स्पिंडल दोन्हींची वीज थेट तुटली पाहिजे.

ड्रॉइंग आणि टूलपाथ (कटरचा मार्ग) दोन्ही फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये होतात, आणि जी-कोडची (यंत्राच्या आज्ञांची) फाइल यंत्राला पाठवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर घ्या. ६ मिमीच्या एका धारेच्या कटरला ॲल्युमिनियममध्ये १८ हजार आरपीएम आणि दर फेऱ्याला ०.०३ मिमी धरलं, तर फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) ५४० मिमी प्रति मिनिट येतो. त्याहून फार हळू गेलात तर कटर कापण्याऐवजी घासतो, तापतो आणि ॲल्युमिनियम धारेला चिकटतं.

पोस्ट-प्रोसेसर (टूलपाथचा जी-कोड बनवणारा भाग) जीआरबीएलचाच निवडा. दुसरा निवडला तर जी८१ सारख्या ड्रिलिंग सायकलवर एरर २० (आज्ञा न समजल्याचा) येतो. फाइलच्या पहिल्या काही ओळींत जी२१ (आकडे मिमीत धरण्याची आज्ञा) आहे का बघा. जी२० असेल तर आकडे इंचात धरले जातात आणि यंत्र २५.४ पट लांब धावतं. कटर न लावता, झेड वर उचलून, फाइल एकदा हवेत पूर्ण चालवा.