शट डाउन केलेला लॅपटॉप आपोआप सुरू होतो तेव्हा: दुरुस्ती शिकणाऱ्यांसाठी

"बंद केला तरी परत चालू होतो." दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपवर अशी चिठ्ठी दिसली की नव्याने कामाला लागलेली मुलं बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट ठरवून मोकळी होतात. विंडोज बिघडलंय, फॉरमॅट मारू. नाहीतर मदरबोर्ड गेला. या दोन्ही निकालांची घाई मला पटत नाही. फॉरमॅट मारला की माणसाची सगळी मांडणी जाते, आणि मूळ कारण बायोसमधल्या (विंडोजच्या आधी सुरू होणारं, बोर्डावरचं सॉफ्टवेअर) एका सेटिंगमध्ये असेल तर तक्रार जशीच्या तशी उरते. लॅपटॉप नेमका कुठल्या क्षणी परत येतो हे नीट पाहिलं, तर निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

सुरुवात माणसापासून करा. "बंद केला म्हणजे काय केलंत?" असं विचारलं की बरेच जण झाकण मिटून दाखवतात. झाकण मिटणं किंवा पॉवरचं बटन एकदा दाबणं म्हणजे बहुतेक लॅपटॉपवर नुसती स्लीप. झोपलेलं मशीन माउस हलला, ठरवून ठेवलेलं एखादं काम आलं, तरी जागं होतं. त्याचा शोध वेगळा. त्यासाठी विंडोजमध्ये पॉवरसीएफजी नावाची कमांड आहे. तिला 'लास्टवेक' जोडलं की शेवटची जाग कशामुळे आली ते ती सांगते. पण पूर्ण शट डाउन झालेल्या मशीनबद्दल तिच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तिला काहीच सापडलं नाही म्हणजे काहीच घडलं नाही, असा अर्थ होत नाही.

दुसरा प्रश्न: हे कधीपासून होतंय आणि त्याच्या जरा आधी काय बदललं? अपडेट आलं, नवीन डॉक (एका केबलवर माउस, पडदा, नेटवर्क जोडून देणारा डबा) जोडला, रॅम वाढवली, कीबोर्डवर काही सांडलं. लोक आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते त्याचा याच्याशी संबंध नसतो.

आता स्वतः शट डाउन करा आणि हात मागे घेऊन बघा. पॉवरचा दिवा विझतो का? पंखा थांबतो का? पडदा काळा झाल्यावर किती वेळाने कंपनीचा लोगो येतो? काही मशीन दिवा न विझताच थेट लोगोवर येतात, म्हणजे ती मुळात बंद झालीच नाहीत. बंद होता होता कोसळली किंवा कोणीतरी त्यांना रीस्टार्टचाच हुकूम दिला. काहींचा दिवा पूर्ण विझतो आणि एक-दोन सेकंदांत परत लागतो. आणि काही व्यवस्थित बंद होऊन पडून राहतात, मग काही मिनिटांनी, रात्री, किंवा चार्जर लावला, झाकण उघडलं की सुरू होतात. या शेवटच्या प्रकारात विंडोजचा दोष क्वचितच असतो. मधला प्रकार फसवा आहे, कारण साध्या रीस्टार्टमध्येही काही मॉडेलांचा दिवा क्षणभर विझतो. म्हणून एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून त्या मशीनचं नेहमीचं वागणं पाहून ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा.

यापुढची माझी आवडती चाचणी फारच साधी आहे, तरी फार कमी जण करतात. लॅपटॉप सुरू करून बायोसच्या पडद्यात जा आणि तिथे असतानाच पॉवरचं बटन दाबून मशीन बंद करा. या वेळी विंडोज, ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम), अँटिव्हायरस यांपैकी काहीच मेमरीत आलेलं नसतं. इथूनही मशीन परत उठलं तर विंडोजमध्ये तास घालवण्यात अर्थ नाही. बायोसची सेटिंग, बटन, बोर्ड यांच्याकडे वळा. इथून शांतपणे बंद राहिलं तर संशय विंडोजवर आणि ड्रायव्हरवर जातो. बंद राहिलं की नाही हे ठरवायला पाच-दहा मिनिटं तरी द्या.

समजा संशय विंडोजवर आला. सगळ्यात आधी सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढा. विंडोज कोसळलं की निळा पडदा दाखवून लगेच रीस्टार्ट व्हायचं, अशी त्याची मूळ सेटिंग असते. बंद होताना कोसळलं तर तो निळा पडदा इतक्या पटकन येऊन जातो की ग्राहकाला फक्त "परत चालू झाला" एवढंच दिसतं. खूण काढली की निळा पडदा तसाच थांबून राहतो आणि त्यावरचा कोड वाचता येतो. यातून दुरुस्ती होत नाही, पण लपलेली गोष्ट समोर येते.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, 'विंडोज लॉग्ज'मधला 'सिस्टिम' भाग. इथे थोडा वेळ घालवायला शिका, कारण या कामात अंदाज आणि पुरावा यांतला फरक इथेच कळतो. क्रमांक १०७४ ची नोंद सांगते की शट डाउन कुठल्या प्रोग्रॅमने आणि कुठल्या युजरच्या नावाने मागितलं, आणि मागितलं ते 'पॉवर ऑफ' होतं की 'रीस्टार्ट'. तिथे 'रीस्टार्ट' लिहिलेलं असेल तर मशीनने सांगितलं तेच केलं. आता तो हुकूम देणारा प्रोग्रॅम शोधायचा. 'पॉवर ऑफ' लिहिलेलं असेल आणि पुढच्या सुरुवातीला कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद असेल, तर बंद होण्याची क्रिया अर्धवट तुटली. ६००८ हीदेखील अनपेक्षित बंद पडल्याचीच खूण. ६००६ दिसली की बरेच जण "नीट बंद झालं" म्हणून पुढे जातात. पण ६००६ म्हणजे फक्त नोंदी ठेवणारी सेवा थांबली. ड्रायव्हरना वीज तोडायला सांगण्याचा टप्पा त्यानंतरचा आहे, आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच होते.

४१ ची नोंद उघडून 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' बघा. तो दशमान पद्धतीत लिहिलेला असतो, निळ्या पडद्यावर मात्र हेक्साडेसिमलमध्ये. १५९ दिसला तर हेक्समध्ये तो ९एफ होतो, म्हणजे 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर'. कुठल्या तरी ड्रायव्हरला झोपायला किंवा बंद व्हायला सांगितलं आणि त्याने वेळेत उत्तर दिलं नाही. याचं बाहेरचं लक्षणही ओळखीचं आहे: पडदा काळा, पंखा चालूच, कित्येक मिनिटं काहीच नाही, आणि मग अचानक लोगो. आकडा शून्य असेल तर कोसळल्याची नोंद झालेली नाही. वीज तुटली, कोणी बटन दाबून धरलं, किंवा मशीन गोठलं होतं.

९एफच्या बाबतीत मी आधी वाय-फाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स आणि यूएसबीवर जोडलेल्या वस्तूंकडे बघतो. सगळ्या बाहेरच्या वस्तू काढून एकदा शट डाउन, मग एकेक जोडून पुन्हा. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, त्याच मॉडेलचा घ्यावा. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात अपडेट करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये, हे माझं कळकळीचं सांगणं. नवीन ड्रायव्हरनंतरच तक्रार सुरू झाली असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहेच. सेफ मोडमधून, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करून, शट डाउन केल्यावर मशीन नीट बंद होत असेल तर ड्रायव्हरवरचा किंवा एखाद्या सेवेवरचा संशय पक्का होतो. आणि एका वेळी एकच बदल करा. तीन बदल एकदम केले आणि दुखणं गेलं, तर कशाने गेलं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. महिन्याने ते परत आलं की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

फास्ट स्टार्टअप समजून घेतल्याशिवाय या विषयात पुढे जाता येत नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं की युजरचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवरच्या हायबरनेशन फाइलमध्ये लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. म्हणजे जुन्या अर्थाने मशीन पूर्ण बंद झालेलं नसतं. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्याने सुरू करतं. टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बघा: रोज शट डाउन होणाऱ्या लॅपटॉपवर तो कित्येक दिवसांचा दिसतो, तो याचमुळे. ज्या ड्रायव्हरला हायबरनेशनचा टप्पा झेपत नाही, तो इथे अडखळतो. तपासायला सोपं आहे. शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' निवडा, त्या एका वेळेपुरतं पूर्ण शट डाउन होतं. तसं केल्यावर मशीन बंद राहिलं तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. दोषी ड्रायव्हर शोधणं हा खरा उपाय, हे मान्य. पण एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअपने वाचणारा वेळ इतका थोडा असतो की मी तो बंदच ठेवायला सांगतो.

अपडेटचंही लक्षात ठेवा. 'अपडेट अँड शट डाउन' निवडल्यावर अपडेटसाठी मशीन मध्ये एकदा सुरू होणं स्वाभाविक आहे. मात्र काम संपल्यावर बंद व्हायचं सोडून ते लॉग-इनच्या पडद्यावर येऊन थांबायचं, अशी तक्रार बरीच वर्षं होती. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ च्या प्रिव्ह्यू अपडेटमध्ये दिली. फक्त अपडेटच्या दिवशी असं होत असेल तर आधी विंडोज अद्ययावत करा, बाकीचं नंतर.

आता नीट बंद होऊन नंतर उठणारी मशीन. शट डाउन झाल्यावरही बॅटरी किंवा चार्जर लावलेला असेल तर बोर्डाचा छोटा भाग जागा असतो; नाहीतर बटन दाबल्याचं कळणार कोणाला? त्याच भागाला नेटवर्क, घड्याळ, चार्जर, झाकण यांच्याकडूनही इशारा मिळू शकतो. वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून मशीन सुरू करण्याची सोय, यात नेटवर्क कार्ड एका ठरावीक पॅकेटची वाट बघतं, ज्यात एफएफ हे बाइट ६ वेळा आणि त्यामागे त्या कार्डचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक) १६ वेळा असतो. कार्यालयात केबलवर असलेला लॅपटॉप उठतो आणि घरी उठत नाही, असं कोणी सांगितलं की मी थेट इथेच येतो. बायोसमध्ये वेक ऑन लॅन बंद करा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबवरही बघा. काही ड्रायव्हरमध्ये शट डाउननंतरच्या जागं होण्याची वेगळी ओळ असते आणि ती चालूच राहिलेली असते. डॉकमधून केबल येत असेल तर डॉकची सेटिंगही तपासा. रोज ठरलेल्या वेळी उठत असेल तर बायोसमधली ठरावीक वेळी सुरू होण्याची सेटिंग.

झाकण आणि चार्जरच्या बाबतीत मॉडेल माहीत असावं लागतं. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये 'फ्लिप टू स्टार्ट' असतं, डेलच्या काहींत 'वेक ऑन एसी'. ॲपलचे अलीकडचे मॅकबुक तर झाकण उघडलं किंवा चार्जर लावला की सुरू होतात, तसेच बनवलेले आहेत. हे दोष नाहीत, आणि ग्राहकाला तसं स्पष्ट सांगावं.

राहिलं हार्डवेअर. बायोसमधून बंद केल्यावरही उठणाऱ्या मशीनला आधी एम्बेडेड कंट्रोलर (बोर्डावरची, पॉवर आणि कीबोर्ड सांभाळणारी चिप) रीसेट द्या: चार्जर काढा, बॅटरी काढता येत असेल तर काढा, पॉवरचं बटन अर्धा मिनिट दाबून धरा, मग जोडा. बायोस एकदा मूळ सेटिंगवर आणा. तरी फरक नसेल तर बटन बघा. हल्ली बऱ्याच मॉडेलांत पॉवरचं बटन कीबोर्डचाच भाग असतं. कीबोर्डवर द्रव सांडला की त्याचा पातळ थर खाली राहतो आणि बटन कोणी न दाबताही दाबल्यासारखं होतं. बॅटरी पूर्ण वेगळी करून मगच कीबोर्डची पट्टी बोर्डावरून काढा. बटन वेगळ्या पट्टीवर असेल तर तीही. आता चार्जरवर लॅपटॉप सुरू करा. बटन काढलेलं असल्याने काही मॉडेलांत त्यासाठी बोर्डावर पॉवरचे बिंदू जोडावे लागतात. सुरू होऊन बंद केल्यावर तो बंदच राहिला तर कीबोर्ड किंवा बटनाची पट्टी बदला, बोर्डाला हात लावू नका. उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर इतर सगळं बाजूला ठेवा. ती आतून कीबोर्डला आणि टचपॅडला रेटते. तिला टोचायचं, दाबायचं, चार्ज करायचं नाही. आधी ती बाहेर काढायची.

लॅपटॉप परत देण्याआधी चाचणी त्या माणसाच्या वापरासारखी घ्या. चार्जरवर आणि बॅटरीवर, झाकण उघडं आणि मिटलेलं, त्याचा डॉक आणि माउस जोडून. रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी सुरू करण्याआधी दिवा बघा. सुरू केल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रात्रीची नोंद बघा: १०७४ 'पॉवर ऑफ', आणि मधे ४१ नाही, तुम्ही बटन दाबेपर्यंत सुरू झाल्याची एकही नोंद नाही. बदललेली सेटिंग चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपबरोबर द्या, कारण बायोस अपडेट झालं की त्यातल्या काही पुन्हा मूळ जागी जाऊ शकतात.