हरण्या-फसण्याचे इंग्रजी वाक्प्रचार कसे वापरावेत

अपयशाबद्दलचे इंग्रजी वाक्प्रचार यादी करून पाठ केले, तर ऐन वेळी हमखास भलताच तोंडात येतो. त्याऐवजी प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: इथे माणसाने हात टेकले, बेत फसला, की समोरच्याने हरवलं?

१. हात टेकणारे आधी वेगळे काढा. ‘थ्रो इन द टॉवेल’ बॉक्सिंगमधून आला. आपल्या खेळाडूला आता मार सोसवत नाही असं दिसलं, की त्याच्या बाजूची माणसं रिंगणात टॉवेल फेकतात आणि लढत थांबते. म्हणून तो प्रयत्न करून थकलेल्यालाच शोभतो. सुरुवातच न केलेल्याने तो वापरू नये. ‘कट युअर लॉसेस’ वरवर असाच वाटतो, पण त्यात शहाणपण आहे: आणखी नुकसान होण्याआधी बाहेर पडणं. नोकरीच्या मुलाखतीत पहिला वापरलात तर कच खाल्ल्यासारखं वाटेल, दुसरा वापरलात तर विचारपूर्वक निर्णय घेतल्यासारखं.

२. बेत फसला असेल तर कर्ता बदला. ‘फॉल थ्रू’ म्हणजे बारगळणं. सौदा, सहल, करार बारगळतो, माणूस नाही. त्यामुळे ‘आय फेल थ्रू’ म्हणू नका, ‘द प्लॅन फेल थ्रू’ म्हणा. त्यातला ‘फेल’ नापास होण्यातला नव्हे, ते ‘फॉल’चं भूतकाळी रूप आहे.

शोध घेऊन हात हलवत परत आलात, तर ‘ड्रॉ अ ब्लँक’. जुन्या सोडतीत कोरी चिठ्ठी निघाली की बक्षीस नाही, त्यावरून हा आला. नाव आठवत नसेल तेव्हाही चालतो.

३. हरवणारा समोर असेल तर ‘मीट युअर वॉटर्लू’. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला नेपोलियनचा निर्णायक पराभव झाला. मराठीत ‘पानिपत झालं’ म्हणतो, त्याच्या जवळचा हा. मात्र आजवर जिंकत आलेल्याबद्दलच तो खुलतो.

४. ‘लूझ’च्या जोड्या सावकाश शिका. ‘लूझ फेस’ म्हणजे नाचक्की होणं, ‘लूझ टच’ म्हणजे संपर्क तुटणं, ‘लूझ हार्ट’ म्हणजे धीर सुटणं. शेवटच्यात ‘युअर’ घुसवू नका. ‘लूझ युअर हार्ट’ म्हणजे प्रेमात पडणं! उच्चारही सांभाळा: ‘लूस’ म्हटलं की अर्थ ‘सैल’ होतो.

५. ऐकणारा कोण आहे ते पाहा. धंदा बुडाला की ‘गो बेली अप’ म्हणतात. मेलेला मासा पोट वर करून तरंगतो, ते चित्र त्यामागे आहे. बातमी सांगताना ठीक, पण ज्याचा धंदा बुडाला त्याच्यासमोर हा शब्द काढू नये. त्याच्याशी बोलताना ‘इट डिडन्ट वर्क आउट’ एवढंच म्हणा.