वजनाचा काटा अडल्यावर: बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि व्यायाम

बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला वजन भराभर उतरते आणि मग एके दिवशी काटा जागचा हलेनासा होतो. घरातली मंडळी 'खाणे वाढले असेल' असे म्हणून मोकळी होतात, आणि रुग्ण आधीच चिमणीएवढे झालेले जेवण आणखी कमी करतो. बहुतेक वेळा नेमके हेच करायचे नसते. वजन अडण्याची कारणे शस्त्रक्रियेला किती काळ लोटला यानुसार बदलतात. म्हणून उपाय शोधण्याआधी तो काळ मोजून पाहावा.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास वजन थांबले असेल, तर त्यात काळजीचे सहसा काही नसते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली ग्लायकोजेन नावाची साखर आधी वापरली जाते. तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यांतल्या मोठ्या घटीत पाण्याचाच वाटा बराच असतो. पुढे शरीर पाण्याचा तोल सावरते आणि आतून चरबी उतरत असली तरी काटा काही दिवस स्थिर दिसतो. या टप्प्यात ठरवून दिलेला आहार चालू ठेवणे एवढेच काम असते.

सहा महिन्यांनंतरची संथ गती वेगळी. हलक्या झालेल्या शरीराला जगण्यासाठी आणि चालण्यासाठी कमी ऊर्जा लागते; त्यात स्नायू झिजले असतील तर विश्रांतीतला खर्च आणखी घटतो. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणे) असो वा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणे), वजन साधारणपणे एक ते दोन वर्षांच्या दरम्यान सर्वात खाली येते आणि त्यानंतर थोडे वाढणेही अनेकांच्या बाबतीत घडते. या काळात आहार आणि हालचाल यांचा बारकाईने आढावा घ्यावा लागतो. मात्र जेवणे गाळली तर स्नायू अधिक झिजतात आणि अडलेले वजन अडलेलेच राहते.

वजन रोज करू नये. आठवड्यातला एक वार ठरवावा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी त्याच काट्यावर उभे राहावे, आणि महिन्यातून एकदा बेंबीच्या रेषेत कंबरेचा घेर टेपने मोजावा. काटा थांबलेला असतानाही घेर कमी होत असेल, तर गाडी रुळावर आहे असे समजावे.

आता आहाराकडे वळू. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने सामान्यतः सांगितली जातात. नेमका आकडा आहारतज्ज्ञाकडून घ्यावा, आणि मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वाढवू नये. मराठी शाकाहारी ताटात अडचण इथेच येते. 'रोज वरण खातो' असे सांगणाऱ्याच्या वाटीतल्या पातळ वरणात जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने असतात, आणि पोटाची जागा मात्र त्यातल्या पाण्याने भरते. त्यापेक्षा घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ, पनीर, सोयाबीनच्या वड्या आणि घट्ट दही यांना ताटात आधी स्थान द्यावे. शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम, तर एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. पहिले घास प्रथिनांचे, मग भाजी, आणि जागा उरली तरच भाकरीचा तुकडा किंवा भात, हा क्रम घरच्यांनाही सांगून ठेवावा, म्हणजे 'भाताशिवाय जेवण कसले' हा आग्रह थोडा तरी कमी होईल. जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबावे. दिवसभर मात्र घोट-घोट पाणी पीत राहावे.

वजन उशिरा अडते त्यामागे पुष्कळदा सहज घसरणारे पदार्थ असतात. चहात बुडवलेली खारी, येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा, बाकरवडी, आइस्क्रीम, मस्तानी हे पदार्थ लहान झालेल्या जठरात अडत नाहीत. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव न होता ऊर्जा मात्र पूर्ण पोटात जाते. उपासाचे दिवसही याच यादीत धरावेत, कारण साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट आणि तूप भरपूर असते, प्रथिने नाममात्र. आठवडाभर तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ, चहाची साखर धरून, वहीत लिहिला की पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

व्यायामाची सुरुवात रुग्णालयातच फेऱ्या मारण्याने होते. घरी आल्यावर दहा-दहा मिनिटे सपाट जागी, दिवसातून तीन-चार वेळा चालावे. पहिले चार ते सहा आठवडे पाण्याची भरलेली कळशी, गॅसचे सिलिंडर किंवा नातवंड उचलू नये आणि पोटाचे व्यायाम करू नयेत. पुढे आठवड्याला किमान 150 मिनिटांपर्यंत जावे. कमी झालेले वजन टिकवायचे तर त्याहून अधिक हालचाल लागते. चालता-चालता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, एवढा वेग पुरेसा समजावा.

पुष्कळ जण चालण्यावरच थांबतात, आणि माझ्या मते वजन अडण्याच्या काळातली मोठी उणीव तीच आहे. स्नायू टिकवायचे तर त्यांना भार द्यावा लागतो. शल्यविशारदाने परवानगी दिल्यावर, सामान्यतः सहा ते आठ आठवड्यांनी, आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम सुरू करावेत. त्यासाठी जिम लागत नाही. चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवावी, तिच्या पुढच्या कडेवर बसावे, दोन पावलांत खांद्यांइतके अंतर ठेवून हात छातीवर घ्यावेत, श्वास सोडत उठावे आणि तीन आकडे मोजत सावकाश बसावे. शेवटच्या दोन वेळा जड जातील इतके, म्हणजे आठ-दहा वेळा, हे करावे. बारा वेळा सहज जमू लागले की दोन्ही हातांत एकेक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्याव्यात. भिंतीवर हात टेकवून केलेले दंड आणि रबरी पट्टा ओढण्याचा व्यायाम यांची जोड दिली की घरच्या घरी सर्व मोठ्या स्नायूंना काम मिळते.

पुण्यात चालायला जागांची वाण नाही. सुरुवातीला सारसबागेसारखी सपाट जागा बरी. तळजाई किंवा वेताळ टेकडी दम वाढल्यावर. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढण्याचा मोह अनेकांना लवकर होतो, पण उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, हे लक्षात घेऊन आधी निम्म्या पायऱ्यांपर्यंतच जावे. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्याआधी परतावे, कारण एका दमात तांब्याभर पाणी पिऊन तहान भागवणे आता शक्य नसते.

गुडघे दुखले तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये; विशेषतः बायपासनंतर या गोळ्यांनी जोडणीच्या जागी व्रण होऊ शकतो. लवकर दम लागत असेल तर आळस समजण्याआधी हिमोग्लोबिन, लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये.

सतत उलट्या, पोटात तीव्र वेदना, पोटरीला एका बाजूने सूज, पायांना मुंग्या, किंवा व्यायामाच्या वेळी घाम सुटून थरथर होणे, यांपैकी काही झाल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांशी संपर्क साधावा. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर वजन घटल्यावर त्यांचे प्रमाण बदलावे लागते. काही महिने वजन सलग वाढत राहिले, तर भेटीला जाताना आहाराची वही, आठवड्याच्या वजनाच्या नोंदी आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. थायरॉइडचा विकार, स्टेरॉइड किंवा नैराश्यावरील काही औषधे यांमुळेही वजन वाढते, आणि ती बदलायची की वजनासाठी नवीन औषध सुरू करायचे, हा निर्णय डॉक्टरांना त्या नोंदी पाहूनच घेता येतो.