सुट्टी घेऊनही थकवा का जात नाही? विश्रांतीचे दिवस कसे आखावेत

दोन-तीन दिवस मोकळे काढायचे आणि शांत बसायचे, असे ठरवूनही ते दिवस तुंबलेल्या घरकामांत, राहून गेलेल्या भेटीगाठींत आणि फोनवरच जातात. शरीर सुट्टीवर असते, डोके मात्र कामावर. यावरचा खरा उपाय सुट्टीच्या आदल्या दिवशी करावा लागतो, म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी थकवा कसला आहे ते पाहा

अंगमेहनतीने दमलेल्याला झोप आणि पडून राहणे पुरते. दिवसभर खुर्चीत बसून डोके शिणलेल्या माणसाने सुट्टीही आडवे पडून घालवली, तर संध्याकाळी तो आणखी जड होऊन उठतो. त्याला चालणे, पोहणे, हाताने काही करणे हवे असते. दिवसभर लोकांशी बोलावे लागणाऱ्याला शांतता हवी, तर एकट्याने घरून काम करणाऱ्याला माणसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या दिली. त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आणि तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल अलिप्तपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. पुरेशी झोप आणि सुट्टी घेऊनही काही आठवडे थकवा हटत नसेल तर डॉक्टरांना भेटा. रक्तक्षय, थायरॉइडचा त्रास, नैराश्य यांतही असाच थकवा येतो आणि तो सुट्टीने जात नाही.

तारीख पक्की करा

‘काम जरा कमी झाले की सुट्टी घेऊ’ म्हणणाऱ्याचे काम कमी होत नाही. तारीख आधी ठरवा, काम त्याभोवती बसवा. वर्षभर रजा साठवून एकदाच मोठी सुट्टी घेण्याचा मोह टाळलेला बरा. नेदरलँड्समधल्या ५४ नोकरदारांच्या लांब सुट्ट्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना सर्वांत ताजेतवाने वाटले ते आठव्या दिवसाच्या सुमारास; पण कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळे पूर्वपदावर आले. अभ्यास लहान आहे, पण माझ्या मते त्यावरून एवढा बोध घ्यायला हरकत नाही की रजा वर्षभर विभागून घ्यावी.

आदला दिवस

अर्धवट कामे डोक्यात घोळत राहतात, हे कुणाला वेगळे सांगायला नको. ती सगळी संपवूनच निघायचे म्हटले तर निघणेच होत नाही. सुदैवाने संपवण्याची गरजही नसते. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की अपुऱ्या कामाची नेमकी योजना आखली तरी ते मनात वारंवार डोकावणे कमी होते. म्हणून निघण्यापूर्वी एक तास राखून ठेवा आणि कागदावर प्रत्येक अर्धवट काम लिहा. त्यापुढे परतल्यावरची पहिली कृती आणि वार लिहा. नुसते ‘अहवाल’ लिहून भागत नाही. ‘बुधवारी सकाळी आकड्यांचा तक्ता तपासायचा’ असे हवे. हा कागद कामाच्या जागीच ठेवा, सोबत नेऊ नका.

मग काम कुणाकडे तरी सोपवा. एकाच माणसाला सांगा आणि ‘तातडीचे’ म्हणजे काय तेही सांगा. ते मोघम ठेवले तर सगळेच तातडीचे ठरते. खऱ्या अडचणीसाठी एकच वाट ठेवा: फोन करायचा, मेसेज नाही. फोन करताना माणूस दोनदा विचार करतो, मेसेज मात्र सहज टाकला जातो.

घरातही हे बोलावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते. मुलांचे, वयस्कांचे, स्वयंपाकाचे कोण बघणार? एकाची विश्रांती दुसऱ्याच्या जास्तीच्या कष्टांवर चालणार असेल तर पाळ्या लावा: सकाळ एकाची, संध्याकाळ दुसऱ्याची. घर सांभाळणाऱ्या व्यक्तीला सुट्टी आपोआप कधीच मिळत नाही, तिच्यासाठी ती ठरवूनच काढावी लागते.

फोनचे काय

कामाचे ईमेल आणि ग्रुप तेवढ्या दिवसांपुरते बंद करा. ‘फक्त बघतो, उत्तर देत नाही’ याचा उपयोग नसतो. वाचलेला त्रासदायक मेसेज दिवसभर डोक्यात राहतो. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, गजरासाठी साधे घड्याळ वापरा.

पहिला दिवस बेचैनीचा

हात फोनकडे जाईल, कपाट आवरावेसे वाटेल, उगाच चिडचिड होईल. रिकामे बसणे माणसाला खरोखरच जड जाते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१४ च्या एका प्रयोगात लोकांना १५ मिनिटे एकटे, काही न करता बसवले. समोर विजेचा सौम्य झटका देणारे बटण होते. १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी ते स्वतःवर वापरले! तेव्हा पहिल्या दिवशी बेचैन झालात म्हणून सुट्टी फसली असे समजू नका. बाहेर पडा, कुठेही पोहोचायचे नाही असे चाला.

झोपेची उधारी फेडायची असेल तर रात्री लवकर झोपा. सकाळी नेहमीपेक्षा फार उशिरा उठलात तर पुढच्या रात्री झोप लागत नाही. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांत आटोपा.

मधले दिवस

झोनेनटाग आणि फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये थकवा भरून काढणारे चार अनुभव मांडले: कामापासून मनाने दूर होणे, शिथिल होणे, नवे काही जमवणे आणि आपला वेळ आपल्या हाती असणे. तिसरा अनेकांना खटकेल, पण वाद्य वाजवणे, मातीकाम, बागकाम यांत थोडे जमू लागले की मनाला खरा आराम मिळतो. मात्र दिवसाला एकच गोष्ट ठरवा. तासागणिक आखलेली सुट्टी म्हणजे दुसरी नोकरीच.

परतताना

प्रवास केला असेल तर परत येणे आणि कामावर जाणे यांत निदान अर्धा दिवस ठेवा. पहिल्या सकाळी बैठक घेऊ नका. तो कागद काढा आणि त्यातल्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करा. ईमेल त्यानंतर.

लांब सुट्टी शक्यच नसेल तर हेच सगळे एका संध्याकाळीपुरते करा: दहा मिनिटांची यादी, फोन दुसऱ्या खोलीत, घरातल्यांशी ठरवलेली पाळी. आठवड्यातली कुठली संध्याकाळ, ते आजच ठरवून घरात सांगून टाका.